गोसाईबोडीचा रंग

मोनाली डहारेनं त्या मंगळवारी सही केली असती, तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. तिला बढती मिळाली असती, वैरागडे मॅडमचा तिच्यावरचा विश्वास शाबूत राहिला असता, आणि नागपूरच्या पूर्वेला भंडारा रोडलगतची सव्वीस एकरांची गोसाईबोडी मुरूम टाकून गुपचूप बुजली असती. सही करायला वेळ तरी किती लागतो हो? काचेवर अंगठा टेकवायचा, झालं. पण बाईचा अंगठा हवेतच राहिला.

सहीसाठी समोर आलेल्या यादीत एकशे चौदा जागा होत्या. एकोणनव्वदाव्या ओळीत लिहिलं होतं : "गोसाईबोडी परिसर. सलग तीस वर्षे हिरवा. जलस्रोत नाही. प्राणवायू उद्यानासाठी योग्य."

जलस्रोत नाही! मोनाली ज्या घरात जन्मली, त्याच्या मागच्या दारातून सात पावलं टाकली की बोडीचं, म्हणजे तळ्याचं, पाणी पायाला लागतं. त्या पाण्यात ती पोहायला शिकली, त्याच पाण्यात तिच्या बापानं, उकंडराव डहारेनं, चाळीस वर्षं शिंगाडा लावला. आज सकाळीसुद्धा म्हातारा छातीभर पाण्यात उभा राहून तिला ओरडून सांगत होता, की पोरी, डबा राहिला तुहा.

"जलस्रोत नाही म्हणे!" ती मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं दचकून मान वळवली.

आता ही भानगड नीट सांगायला हवी. पाच वर्षांपूर्वी, म्हणजे २०३८ साली, राज्यात नील-हरित कायदा आला. उन्हाळ्यात पारा अठ्ठेचाळीसवर जाऊ लागला, तेव्हा सगळ्यांना तळी आणि झाडं आठवली. कायदा सोपा होता. शहरातल्या प्रत्येक तुकड्याला, सलग तीस वर्षांची नोंद बघून, एक रंग द्यायचा. पाणी असेल तर निळा, झाडंझुडपं असतील तर हिरवा, बांधकाम असेल तर करडा. निळ्याला कोणी हात लावायचा नाही. हिरव्यावर बाग करता येईल, इमारत नाही. करड्यावर काय वाट्टेल ते करा.

रंग ठरवायचा कुणी? माणसं खोटं बोलतात आणि जुन्या कागदांत एकाच तळ्याची तीन-तीन नावं निघतात. म्हणून ते काम 'कालपट' नावाच्या यंत्रणेकडे गेलं. ती बांधली डॉ. अनघा वैरागडे यांनी. शास्त्र असं, की सूर्यप्रकाशात तांबड्याच्या पलीकडचा एक भाग असतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. झाडाचं पान तो भाग परत फेकतं आणि पाणी तो गिळून टाकतं. त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात पान लख्ख उजळ दिसतं आणि पाणी काळंकुट्ट. गेल्या साठेक वर्षांची अशी चित्रं एकावर एक ठेवून कालपट सांगायचं, की कोणत्या साली कोणता तुकडा कोणत्या रंगाचा होता. तुलना सारखी राहावी म्हणून दरवर्षीचा एकच महिना घ्यायचा ठरलं, नोव्हेंबर. ढग पांगलेले, तळी काठोकाठ. निवड शहाणपणाची होती. बिल्डरनं कोर्टात सांगावं, "साहेब, इथं तळं कधी नव्हतंच," आणि वैरागडे मॅडमनी तीस वर्षांचे नोव्हेंबर न्यायाधीशांपुढे मांडावेत. खटला तिथंच संपायचा. नागपुरातली एकतीस तळी त्या बाईनं अशी वाचवली. लोक तिला उगाच नाही मानत.

पण शिंगाड्याच्या तळ्याची गोष्ट निराळी. जुलैत वेलींच्या जुड्या बांधायच्या, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि पायाच्या अंगठ्यानं जुडी तळच्या चिखलात दाबायची. दसऱ्यापर्यंत पानं अशी पसरतात, की तळहाताएवढंही पाणी उघडं दिसत नाही. बगळे त्यावरून चालत जातात. आणि तोडणीचा ऐन महिना कोणता? नोव्हेंबर! वर्षातले आठ महिने बोडी आकाशाकडे पाण्याचं तोंड करून पडलेली असायची, तेव्हा तिच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. बघायचे ते नेमके तिनं हिरवं लुगडं नेसल्यावर.

हे सगळं मोनालीला एका क्षणात कळलं, कारण कालपटला हिरवा रंग शिकवणाऱ्यांत ती स्वतः होती.

सतरा वर्षांपूर्वी, बावीसची असताना, ती चित्रांना खुणा करायच्या नोकरीला लागली होती. यंत्राला आपोआप काही कळत नसतं. आधी माणसांनी लाखो चित्रं बघून सांगायचं, हे पाणी, हे झाड, हे छप्पर, आणि मग ते शिकतं. तिच्या पडद्यावर एके दिवशी गोसाईबोडी आली. तिनं लगेच ओळखली, दक्षिणेची दगडी पाळ, म्हणजे बांध, आणि तिच्या टोकाला आपलं घर. खालच्या चौकटीत लिहिलेलं होतं : जे दिसतं ते नोंदवा, जे माहीत आहे ते नोंदवू नका. पोरगी नियमाची पक्की. तिनं 'हिरवा' दाबलं. एकदा नव्हे, त्या आठवड्यात वेगवेगळ्या सालांच्या चित्रांवर तीसेक वेळा. शिवाय घरी येऊन बापाला कौतुकानं सांगितलं, "बाबा, आपला शिंगाडा वरून काय गच्च दिसते!"

तिच्या कामात एकही चूक निघाली नाही म्हणून वैरागडे मॅडमनी तिला हेरलं, शिकवलं, बाहेरून पदवी करायला लावली आणि या नोंदी ठेवणाऱ्या मंडळात पडताळणी अधिकारी केलं. आज तिच्या सहीशिवाय यादी पुढे सरकत नव्हती.

ती थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, एकोणनव्वद नंबर चुकलाय. ते तळं आहे. माझ्या घरामागचं."

वैरागडे मॅडम साठीच्या, बारीक चणीच्या, बोलणं मऊ. त्यांनी पडद्यावर बोडी काढली, तीसही वर्षांचे नोव्हेंबर सरसर फिरवून पाहिले, चष्मा काढला. "शिंगाडा," त्या म्हणाल्या. 

"ढगांतून बघणाऱ्या रडारची नोंद घेऊ ना," मोनाली म्हणाली. "पावसाळ्यातलं पाणी त्यात दिसेल."

"ती २०१४ पासूनची आहे. एकोणतीस वर्षं होतात. कायद्याला तीस लागतात."

"एका वर्षासाठी तळं बुजवायचं?"

"मोनाली, बस जरा." मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "कालपटला फसवता येतं, असं मंडळाच्या कागदावर एकदा आलं, की काय होईल माहीत आहे? एकतीस तळ्यांचे बिल्डर उद्या सकाळी कोर्टाच्या दारात उभे राहतील. यंत्र पाण्याला हिरवळ म्हणतं, मग हिरवळीला पाणीही म्हणत असेल! एका तळ्यासाठी तू एकतीस उघडी टाकशील."

 बाई खोटं बोलत नव्हती. मोनालीनं ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"एक वाट आहे," मॅडम म्हणाल्या. "ही नोंद मी पाच वर्षं प्रलंबित ठेवते. तुमच्या लोकांना सांग, पाच वर्षं शिंगाडा लावू नका. फेरनोंदीला तीस नाही, पाचच वर्षं लागतात. पाचही नोव्हेंबरांत पाणी उघडं दिसलं, की मी माझ्या हातानं निळा करते. कुणालाच काही कळायची गरज नाही."

मोनालीला ते पटलं, अगदी मनापासून पटलं. तळं राहील, एकतीस राहतील, नोकरी राहील. बसमध्ये बसल्या बसल्या तिनं बापाला कसं सांगायचं ते वाक्यन् वाक्य जुळवलं.

घरी पाळीवर तोडणी आलेली होती. शिंगाडा संस्थेच्या बाया टोपल्या रिचवत होत्या, चुलीवर गंज, म्हणजे भलं मोठं पातेलं, चढलेलं, उकडल्या शिंगाड्याचा वास मोहल्लाभर. उकंडराव संस्थेचा अध्यक्ष. पण अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसलेला त्याला कोणी पाहिला नव्हता, तो आपला ओल्या धोतरानं डोंग्याला, म्हणजे छोट्या होडीला, बूड लावून बसायचा. बाजूला शेजारची सिंधूकाकी. ही बाई हातानं शिंगाडे आणि तोंडानं माणसं, दोन्ही सारख्याच वेगानं सोलायची.

मोनालीनं सगळं सांगितलं. यादी, रंग, उद्यान आणि मॅडमची वाट.

"बाग करून राहिले?" उकंडराव म्हणाला. "इथं?"

"चाळीस हजार झाडं लावणार आहेत बाबा. प्राणवायू उद्यान."

"पानी बुजवून झाडं लावाची, अन् मंग त्या झाडायले पानी टँकरनं आणाचं!" म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "कोनाच्या डोक्यातून निंगालं वं हे?"

"हसू नका. मॅडम म्हणतात ते करू. पाच वर्षं वेल नको. मासोळी आहेच की. पाच वर्षांनी पुन्हा लावू."

"अन् बी?"

"म्हणजे?"

"शिंगाड्याचं बी कोरडं झालं का मेलं. ते पाण्यातच ठेवा लागते, अन् दरसाल लावा लागते. पाच वर्षं बी कुठं ठेवू, तुह्या ऑफिसच्या कपाटात?" आता तो हसत नव्हता. "दुसरी गोष्ट. आमी वेल काढला तर पानी उघडं राह्यन, असं तुले कोनं सांगतलं? वरच्या कॉलन्यायची घान येते बोडीत. वेल गेला का आठ दिवसांत जलकुंभी सारं पानी झाकून टाकते. तिले बी पानं असतात, हिरवीच असतात. मंग सांगजो तुह्या मॅडमले, का निळं कराले गेलो अन् जलकुंभी झाली."

 एवढी शिकलेली मोनाली, आणि ही साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. मॅडमच्याही नाही.

"बाबा, पण मग तळंच जाईल."

"जाईन तर जाईन! पन आपल्या हातानं आपला वेल उपटाचा, का वरून कोनाले तरी पानी दिसलं पायजे म्हणून? मी नाई उपटणार. माह्या बापानं नाई उपटला दुष्काळात. पानी पाह्याचं असन तर खाली उतरून पाह्य म्हणा!"

त्याचा आवाज एवढा चढला, की पाळीवरच्या सगळ्या बायांचे हात थांबले. मोनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की लाजेचं, तिचं तिलाही कळेना. सतरा वर्षांपूर्वी त्या तीस खुणा तिनंच केल्या होत्या, आणि हे तिनं बापाला अजून सांगितलेलं नव्हतं.

"बाबा, यंत्राला ते हिरवं मीच शिकवलं," ती म्हणाली. "आपल्या बोडीचं चित्र होतं. मला माहीत होतं, खाली पाणी आहे. तरी मी हिरवं लिहिलं."

उकंडरावानं तिच्याकडे पाहिलं. "काहून?"

"जे दिसतं तेच लिहा म्हणाले होते."

"हं," तो म्हणाला आणि डोंग्यावरून उठून पाण्यात गेला. त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. जेवायला सोबत बसायचा, पण भाजी मागायची तर शेजारच्या घरातल्या सिंधूकाकीला हाक मारायचा.

तिसऱ्या दिवशी वाट सापडली, तीही काकीच्या पायात. खोल बाजूला तोडणी करताना काकी अचानक किंचाळली, एक पाय वर धरून डोंग्याला लटकली. मोनालीनं हात देऊन तिला वर घेतलं. टाचेत काळा, टोकदार काटा घुसलेला होता. शिंगाड्याला दोन शिंगं असतात, त्यातलंच एक. फळाचं टरफल चिखलात बुडून कोळशासारखं काळं झालेलं, पण शिंग अजून सुईसारखं.

"माह्या सासूनं फेकला असन हा," काकी कण्हत म्हणाली. "मेली तरी टोचून राह्यली!"

बाया खो खो हसल्या. मोनाली मात्र ते टरफल हातात घेऊन बसून राहिली. चिखलात हवा पोचत नाही. हवा नाही तिथं कुजणं जवळजवळ थांबतं. म्हणजे टरफलं राहतात. पन्नास वर्षं, शंभर वर्षं, त्याहूनही जास्त. शिंगाडा जमिनीवर येत नाही, गवतात येत नाही. तो फक्त उभ्या पाण्यात येतो. गाळाच्या ज्या थरात टरफल सापडेल, त्या थराच्या काळी तिथं पाणी होतंच. कालपट आकाशातून साठ वर्षं मागचं बघतं. गाळाला त्याच्याहून फार जुनं आठवत असणार.

"बाबा!" तिनं हाक मारली. "बोडीत गाळ किती खोल आहे?"

म्हातारा अबोला विसरला. "बांबू घातला तर दीड पुरुष जाते. काहून?"

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली. प्लंबरकडून चार इंची, चौदा फुटांचा प्लास्टिकचा पाइप आणला. दोन डोंगे बाजूबाजूला बांधले, पानं हातानं बाजूला सारली आणि पाइप उभा धरून गाळात दाबायला सुरुवात केली. चार माणसं लोंबकळली तेव्हा कुठं तो खाली गेला. मग वरचं तोंड झाकण ठोकून घट्ट बंद केलं, म्हणजे आत हवा शिरत नाही आणि ओढताना गाळ निसटत नाही. पाइप वर आला तेव्हा सहा जणांच्या कमरा मोडल्या होत्या.

पाळीवर आणून तो करवतीनं उभा चिरला. वर प्लास्टिकच्या पुड्या, राखेचा करडा थर, त्याखाली काळा, मऊ, लोण्यासारखा गाळ. आणि प्रत्येक वितीवर शिंगं. बोट घालावं तिथं काटा. अगदी तळाशी, पिवळ्या मातीला लागून, एक अख्खं टरफल दोन्ही शिंगांसकट निघालं. पाळीवरचे चाळीसेक लोक ते बघायला पुढे सरकले.

"हे कोनाच्या सासूनं फेकलं असन वं?" उकंडरावानं विचारलं, आणि मग स्वतःच डोळे पुसले.

तळाचं टरफल वय काढायला प्रयोगशाळेत गेलं. सजीव मेला की त्याच्यातला एक प्रकारचा कार्बन ठरावीक वेगानं कमी होत जातो, किती उरला ते मोजलं की वय कळतं. बारा दिवसांनी उत्तर आलं. साडेचारशे वर्षं, पन्नास इकडेतिकडे. कायदा तीस मागत होता.

मोनालीनं तो अहवाल यादीला जोडला, एकोणनव्वद क्रमांकापुढे सही नाकारली आणि सुनावणी मागितली. वैरागडे मॅडमना तिनं आधी जाऊन सांगितलं. पाठीमागून वार करणं तिच्या रक्तात नव्हतं.

"तू माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होतीस," मॅडम म्हणाल्या. 'होतीस' हा शब्द तिला फार लागला. ती नमस्कार करून बाहेर पडली आणि जिन्यात उभी राहून रडली. मग तोंड धुतलं आणि कामाला लागली.

सुनावणीला अध्यक्ष होते सावरबांधे साहेब, निवृत्त अधिकारी, शिस्तीचे पण कान उघडे ठेवणारे. उद्यानाच्या कंत्राटदारातर्फे ॲडव्होकेट बोधनकर, एकतीस तळ्यांच्या बिल्डरांचेही वकील. मागच्या बाकांवर शिंगाडा संस्थेच्या बाया, आणि एका कोपऱ्यात वैरागडे मॅडम, हात मांडीवर ठेवून. कालपटच्या बाजूनं बोलायला त्या आल्या होत्या. मधल्या टेबलावर चौदा फुटांचा उभा चिरलेला पाइप. सावरबांधे साहेबांनी बोट लावून पाहिलं आणि "आई गं!" म्हणून मागे घेतलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

बोधनकर उठले. माणूस हुशार. गाळाला त्यांनी हातच लावला नाही. ते सरळ मोनालीकडे वळले.

"मॅडम, २०२६ साली या जागेवर 'हिरवा' अशी खूण कुणी केली?"

"मी."

"एकदा?"

"तीसेक वेळा."

"तेव्हा आपल्याला माहीत होतं, की खाली पाणी आहे?"

"माहीत होतं. माझं घर त्याच पाळीवर आहे."

"वा! मग दोनच शक्यता उरतात." बोधनकर सभेकडे वळले. "ती खूण खोटी होती, तर कालपट खोट्यावर शिकलंय आणि त्याचे सगळेच निकाल तपासावे लागतील. ती खूण खरी होती, तर ही जागा हिरवी आहे आणि आमचं उद्यान होऊ द्या. खोटी की खरी? एका शब्दात सांगा."

मोनालीला मॅडमचा चेहरा दिसला. पांढराफटक. एकतीस तळ्यांचं ओझं त्या एका शब्दावर होतं, आणि दुसऱ्या बाजूला मागच्या बाकावर बाप बसलेला, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा इस्त्रीचा सदरा घालून.

"एका शब्दात नाही सांगणार," ती म्हणाली.

"सांगावं लागेल."

"नाही सांगणार! सतरा वर्षांपूर्वी मला एकच रंग दाबायला सांगितला, मी दाबला. आज तुम्ही एकच शब्द बोलायला सांगता. आता नाही." ती टेबलावरच्या पाइपाकडे वळली. "हिरवं खरं आहे आणि त्याच्याखालचं पाणीही खरं आहे. पाण्याशिवाय तो वेल एक दिवस जगत नाही. यंत्रानं पान पाहिलं आणि पान सांगितलं, त्याची काय चूक? चूक नियमाची आहे. एका जागेला एकच रंग, वर्षाचा एकच महिना. आम्ही पाण्यात उभं राहून पिकवतो, म्हणून आमचं पाणी मोजायचं नाही, हा कुठला न्याय? आमच्यासारख्या पाण्यात पिकवणाऱ्यांना विचारल्याशिवाय नोव्हेंबर कुणी ठरवला?"

"मी ठरवला."

कोपऱ्यातून आवाज आला. वैरागडे मॅडम उभ्या होत्या. "महिना मी निवडला. सोयीचा होता म्हणून. शिंगाड्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही. लिहून घ्या."

बोधनकर हसले. असं हसू माणूस मनातल्या मनात दिवाळी साजरी करताना हसतो. "लिहून घ्याच," ते म्हणाले.

सावरबांधे साहेबांनी तासाभरानं निर्णय वाचला. गोसाईबोडी निळ्यात. शिंगाडा होणाऱ्या सगळ्या तळ्यांच्या नोंदी गाळ तपासल्याशिवाय करू नयेत. आणि पडताळणी अधिकारी श्रीमती डहारे यांनी माहिती असूनही ती वेळेत दिली नाही, सबब चौकशी होईपर्यंत निलंबित. पहिल्या वाक्याला बायांनी एवढा गलका केला, की शेवटचं वाक्य कोणाला ऐकूच गेलं नाही. मोनालीला गेलं.

चार दिवसांनी सकाळी ती डोंग्यात बसून शिंगाडे तोडत होती. सतरा वर्षांत हात पार बिघडले होते, दहापैकी चार बोटं रक्ताळलेली. उकंडराव शेजारी पाण्यात उभा राहून तिच्या तोडणीला नावं ठेवत होता. फोन वाजला.

"एकतीसातल्या जांभुळझरी तलावावर पहिली याचिका पडली," वैरागडे मॅडमचा आवाज थकलेला होता. "कालपटवर विश्वास ठेवता येत नाही, असं म्हणणं आहे. मी म्हणाले होते ना तुला? एकतीसही पुन्हा उघडी पडली. झालं तुझं समाधान?"

 माघार घ्यावी असं काही मोनालीला वाटलं नाही. "तिथं गाळ किती खोल आहे मॅडम?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही कधी उतरला नाहीत त्यात?"

 मग मॅडम हळूच म्हणाल्या, "एकातही नाही गं. एकतीस तळी वाचवली मी, पडद्यावरून."

"मग उद्या सकाळी सातला जांभुळझरीला या. पाइप मी आणते, बाबा डोंगे आणतील. जांभुळझरी झाली की पुढचं तळं, मग त्याच्या पुढचं. एकतीसच्या एकतीस तळ्यांचा गाळ काढू आणि कोर्टाच्या टेबलावर नेऊन ठेवू. शिंगाडा नसेल तिथं शिंपले सापडतील, माशांचे खवले सापडतील. काही ना काही सापडेलच. बोधनकरांनी आणाव्यात किती याचिका आणतात त्या!"

"मोनाली, मी साठीची आहे."

"बाबा अडुसष्टचे आहेत."

 "बूट कोणते घालू?" मॅडमनी शेवटी विचारलं.

"बूट नको मॅडम, रुततात. अनवाणी या."

"अन् साडी नेसून नोको येऊ म्हणा त्यायले," उकंडराव पाण्यातून ओरडला, "मंग आमाले त्यायले बी वर ओढा लागन!"